वय काय होतं?

२०२० सालच्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत, संध्याकाळ झाली की आरोग्य विभागाचं पत्रक मोबाइलवर यायचं. आज नवे रुग्ण किती, बरे होऊन घरी गेलेले किती, मृत्यू किती. मृत्यूंच्या आकड्याखाली एक वाक्य ठरलेलं असायचं: मृतांपैकी इतके ६० वर्षे किंवा त्यावरील वयाचे, इतके ४० ते ५९ या वयोगटातले, इतके चाळिशीच्या आतले; आणि इतक्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार होते. साथीचा माग काढणाऱ्यांना ही माहिती लागतेच. ती रोज न चुकता गोळा करणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच वाटतो. पण ते पत्रक घराघरांत कसं वाचलं जात होतं, ते माझ्या मनातून जात नाही. डोळा आधी साठीवरच्या आकड्याकडे जायचा. तो मोठा दिसला की जीव जरा खाली पडायचा. कुणी गेल्याचा फोन आला की पहिला प्रश्न ‘वय काय होतं?’ उत्तर अठ्ठ्याहत्तर आलं की पलीकडून नुसता ‘हं’, आणि मग बोलणं दुसरीकडे वळायचं. बेचाळीस आलं की मात्र ‘अरे देवा!’

हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीपासूनच विचारतात. भरलं घर पाहून गेले, नातवंडं-पतवंडं मांडीवर खेळवली, सोनं झालं, असं आपण म्हणतो. आपल्या अंथरुणावर, आपल्या माणसांत, शांतपणे गेलेल्या जिवाबद्दल ते म्हणण्यात माया असते. साथीत गेलेली माणसं तशी गेली नाहीत. ॲम्ब्युलन्समध्ये ती एकटी बसली. अंगभर किट घातलेल्या अनोळखी माणसांनी त्यांना उतरवून घेतलं. घरच्यांना त्यांचा चेहरा दिसला तर व्हिडिओ कॉलवर, एरवी नाहीच. स्मशानात मोजकी माणसं, तीही लांब उभी. अशा मृत्यूला ‘वय झालं होतं’ हे तीन शब्द लावणं मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही. कारण वयाने ते गेलेच नव्हते. एक विषाणू घरात आला होता आणि तो कुणाच्या तरी श्वासातून आला होता. तो माणूस लग्नाला गेला असेल, ताप अंगावर काढून ऑफिसात बसला असेल, किंवा काम केल्याशिवाय चूल पेटत नाही म्हणून नाइलाजाने गर्दीच्या गाडीत चढला असेल. ‘वय झालं होतं’ म्हटलं की हे सगळं दिसेनासं होतं. मग त्याबद्दल कुणाला काही करावंसं वाटत नाही.

जगभरात त्या वसंतात हा हिशेब उघडपणे मांडला गेला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचे उपराज्यपाल डॅन पॅट्रिक मार्च २०२०मध्ये टीव्हीवर म्हणाले, की देशाची अर्थव्यवस्था नातवंडांसाठी शाबूत राहावी म्हणून आपल्यासारखे आजी-आजोबा जिवाचा धोका पत्करायला तयार आहेत. जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहराचे महापौर बोरिस पाल्मर यांनी तर सांगितलं, की आपण ज्यांना वाचवतो आहोत ते कदाचित सहा महिन्यांत तसेही गेले असते. इटलीत भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्चमध्येच एक टिपण काढलं, की अतिदक्षता विभागात घेण्यासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकते. या तिन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. इटलीतले डॉक्टर खाटेशी उभे होते, समोर दोन रुग्ण आणि एक व्हेंटिलेटर होता. त्यांच्यावर ती वेळ आली होती. ती येऊ नये म्हणून झटणं हे ज्यांचं काम, त्यांनी दूर बसून तोच हिशेब आधीच मांडून मोकळं व्हावं, हे मला मान्य नाही.

शिवाय हा हिशेब चुकीचाही आहे. भारतात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास आहे. त्यावरून कित्येकांना वाटतं, की अडुसष्ट वर्षांच्या माणसाचं एखाद-दुसरं वर्षच उरलेलं असतं. पण ती सरासरी बालपणी आणि तरुणपणी गेलेल्या जिवांमुळे खाली आलेली असते. जो साठीपर्यंत पोहोचला त्याला आपल्या देशात सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षं असतात. सत्तरी गाठलेल्याला अकरा-बारा. अकरा वर्षांत पहिलीतलं मूल महाविद्यालयाच्या दारात उभं राहतं. या वर्षांना ‘उरलेली’ म्हणायचं आणि आपल्या वर्षांना ‘पुढची’, हा भेद आपण केलेला आहे. जगणाऱ्याला तो आतून कधीच जाणवत नाही.

म्हातारी माणसं का जपायची, याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. माझ्या मनातही पहिल्यांदा तीच आली. कुडाळकडे माझी एक आत्या राहते. साथ आली तेव्हा ती ब्याऐंशीची होती. मुलगा आणि सून मुंबईत, ती घर धरून गावात. कोणत्या कुणग्यात वालय पेरायचा आणि कोणत्यात दुसरं बियाणं, जमिनीची हद्द कुठल्या फणसापर्यंत, कुणाच्या घरात कुणाशी भाऊबंदकी, ओल्या बाळंतिणीला पहिल्या पाच दिवसांत काय घालायचं, हे सगळं तिला पाठ. फुगडीची गाणी ती म्हणते तेव्हा वाडीतल्या मुली मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतात. ती गेली तर एवढं सगळं जाईल, म्हणून ती हवी. हे उत्तर खोटं नाही, पण तेवढ्यावर थांबणं मला धोक्याचं वाटू लागलं, ते आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांमुळे.

त्यांना विस्मरणाचा आजार होता. त्यांना काही आठवत नव्हतं, म्हणून कुणाला देण्यासारखंही काही उरलं नव्हतं. लॉकडाऊन लागलं आणि इमारतीत बाहेरचं कुणी नको असं ठरलं. त्यात त्यांना सांभाळणाऱ्या मावशींचंही येणं बंद झालं. आंघोळ, डायपर, भरवणं सगळं सत्तरी ओलांडलेल्या आजींच्या अंगावर आलं. त्यात मास्क घातलेला माणूस समोर आला की आजोबा भेदरून जायचे. ओळखीचे चेहरे आधीच पुसट होत चाललेले, त्यात आता नाक-तोंडही दिसेना. सोसायटीच्या बैठकीत (ती गच्चीवर झाली, लांब लांब खुर्च्या टाकून) एका गृहस्थांनी विचारलं, एका घरासाठी सगळ्या इमारतीने धोका का घ्यायचा? त्यांची भीती खरी होती. त्यांच्या घरात नुकतं जन्मलेलं बाळ होतं. उत्तर तळमजल्यावरच्या एका शाळाशिक्षिकेने दिलं: धोका कमी कसा करता येईल ते ठरवू, पण आजोबांना हात लावायला माणूस हवा की नको, हा प्रश्न आपल्याला विचारायचाच अधिकार नाही. मग ठरलं. मावशी आठवडाभर त्याच घरात राहतील, आठवड्याने घरी जातील, त्यांच्या येण्याजाण्याचा रिक्षाखर्च सोसायटी देईल आणि त्या रजेवर असताना त्यांचा पगार कापला जाणार नाही. मावशींचा जीवही जीवच होता. त्या पंचावन्नच्या होत्या आणि त्यांच्या खोलीत सहा माणसं राहत होती.

त्या बैठकीनंतर ‘उपयोग’ हे माप मी मनातून काढून टाकलं. आत्याला तिच्या गाण्यांसाठी आणि बियाण्यांसाठी जपायचं म्हटलं, तर ज्याच्याकडे गाणं उरलं नाही त्याला सोडून द्यायची वाट मोकळी होते. आजोबांचं जगणं त्यांचं होतं. दुपारचं ऊन गॅलरीत आलं की ते खुर्ची सरकवून त्यात बसत आणि त्यांचा चेहरा उजळे. एवढं पुरेसं होतं.

१९१८च्या इन्फ्लुएन्झाचा इतिहास वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या त्या तापाने देशभरात कोटीच्या वर माणसं नेली, आणि त्यात वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं फार होती. मागे उरले म्हातारे आणि पोरकी मुलं. किती घरांत आजी-आजोबांनी ती मुलं वाढवली असतील, त्याची नोंद कुठल्या पत्रकात नाही. शंभर वर्षांनी आलेल्या साथीने उलटं केलं. तरुणांना बहुतेक वेळा तिने दोन दिवसांच्या कणकणीवर सोडलं आणि तोच विषाणू त्यांच्या हातून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचवला. दुखणं एकाचं, मोल दुसऱ्याने भरायचं. जबाबदारीने वागणं त्यामुळेच इतकं कठीण झालं. आगीत हात घातला की आपला हात भाजतो, म्हणून ते शिकवावं लागत नाही. इथे घशात काही खवखवत नसलेला पोरगा बाहेरून येऊन आजीच्या शेजारी जेवायला बसे, आणि काय झालं ते कळायला आठ-दहा दिवस जात. तेही आजीच्या अंगात ताप चढून कळेलच असं नाही. उतारवयात या आजाराची सुरुवात पुष्कळदा तापाने होतच नाही. जेवणावरची वासना जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, चालता चालता पडतो. घरचे म्हणतात, वयाचंच आहे. आणि बोटाला ऑक्सिमीटर लावेपर्यंत प्राणवायू ऐंशीवर आलेला असतो.

हे पुढे आपल्या आरोग्य यंत्रणेने नीट ओळखलं. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा आशाताई दारोदार फिरल्या. आमच्या दाराशी ज्या आल्या त्यांच्या एका खांद्याला पिशवी, हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर, चपलेचा पट्टा शिवलेला. ‘घरात साठीच्या वरचं कोण? शुगर, बीपी कुणाला? गोळ्या चालू आहेत का?’ दारातच सहा मिनिटं चालायला लावून ऑक्सिजन पुन्हा बघायचा, हे त्यांनी आम्हाला दाखवून दिलं. पाणी विचारलं तर मास्क काढावा लागेल म्हणून नको म्हणाल्या. तुटपुंज्या मानधनावर त्या इमारतीमागून इमारती चढत होत्या. जबाबदारी या गोष्टीवर त्या वर्षात पुष्कळ भाषणं झाली. मला मात्र त्या बाईंच्या प्रश्नांइतकं नेमकं काही ऐकायला मिळालं नाही. त्या ज्या क्रमाने विचारत होत्या त्यात घरातलं सगळ्यात अशक्त माणूस सगळ्यात पहिलं येत होतं.

कोकणात ही जबाबदारी वेगळ्याच रूपाने समोर आली. आमच्याकडे गावं म्हाताऱ्यांनी धरलेली आहेत. मुलं मुंबईत, ठाण्यात, वसईला; वर्षातून दोनदा येणारे चाकरमानी. त्यांच्यासाठी म्हाताऱ्या वर्षभर कोकमं, सांडगे, पापड राखून ठेवतात. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. जुलैपासून एकच विषय: चाकरमान्यांनी यायचं की नाही? मुंबईत साथ भरात होती. गावांत दवाखाने लांब आणि माणसं वयाची. कुठे ग्रामपंचायतींनी चौदा दिवसांच्या विलगीकरणाचे ठराव केले, कुठे दंड जाहीर केले. मुंबईकर दुखावले, आमच्याच घरात आम्हाला मज्जाव म्हणून. शेवटी सरकारने दहा दिवसांचं विलगीकरण ठरवलं आणि एसटी सोडल्या, एका गाडीत बावीसच माणसं. त्या वादात दोन्हीकडच्यांनी एकमेकांना पुष्कळ कडू बोलून घेतलं. ज्यांच्या जिवासाठी हे सगळं चाललं होतं त्या म्हाताऱ्यांना मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

आत्याच्या मुलाने विचारलं. फोन करून म्हणाला, आई, तुझं काय म्हणणं? यायचं की नाही ते तू सांग. आत्याने दोन दिवस मागून घेतले. मग तिने सांगितलेलं असं: या, पण दहा दिवस मांगरात राहायचं. मांगर म्हणजे घरापासून थोडा लांब, गुरांसाठी आणि गवतासाठी बांधलेला. गुरं आता नाहीत, चिऱ्याच्या भिंती आणि कौलं शाबूत. तिने गडी लावून तो शेणाने सारवून घेतला, बल्ब लावला. मुलगा, सून आणि एकोणीस वर्षांचा नातू तिथे उतरले. मधे खळं आणि खळ्याच्या कडेला कमरेएवढा गडगा. सकाळी आत्या पेजेचं भांडं, वर वाटीत चटणी किंवा लोणचं, गडग्यावर ठेवायची आणि मागे पायरीवर जाऊन बसायची. मग नातू येऊन उचलायचा. रिकामं भांडं त्यांनी धुऊन उन्हात पालथं घालायचं, संध्याकाळपर्यंत तिने त्याला हात लावायचा नाही. हे नियम तिने स्वतः केले होते, डॉक्टरांनी किंवा समितीने नव्हे.

नातवाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जड जाऊ लागलं. त्याला काही होत नव्हतं, गंध येत होता, चव होती, मुंबईहून निघताना केलेली तपासणीही निगेटिव्ह. आजी समोर दिसते आणि जवळ जाता येत नाही. एकदा तो गडगा ओलांडायला निघालाही. आत्या पायरीवरून ओरडली, ‘थंयच रव रे! माका दिसतंस तू थंयसून.’ तो थांबला. मला हे त्यानेच फोनवर सांगितलं. त्याच्या बोलण्यात तक्रार होती आणि थोडा अभिमानही. संध्याकाळी तो गडग्याच्या अलीकडे बसे, ती पलीकडे, पाऊस नसेल तेव्हा. शाळेतली भांडणं, कॉलेज कधी उघडणार, त्याच्या मोबाइलमधलं जग. आत्या म्हणाली, एवढा वेळ हा माझ्याशी कधी बोललाच नव्हता. एरवी गणपतीत आला की दुसऱ्या दिवसापासून क्रिकेट.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांचे दहा दिवस पुरे झाले. गणपतीच्या शाळेतून मूर्ती मुलाने एकट्यानेच आणली. गणपतीवरच्या माटवीला कवंडळं आणि तेरडा बांधायला नातू शिडीवर चढला, कारण एरवी येणारे शेजारचे पोरगे यंदा येणार नव्हते. भजन नाही, घरोघरच्या आरत्या नाहीत. आत्याने नातवाला समोर बसवून मोदकाच्या पाऱ्या करायला लावल्या. ती मला नंतर म्हणाली, की माझ्या जिवाची भीती मला होती, खोटं कशाला सांगू. पण मला न विचारता मला वाचवलं असतं ना, तर ते मला जास्त लागलं असतं.

तिचं ते वाक्य मला साथीतल्या एका मोठ्या प्रश्नाच्या मुळाशी नेतं. वडीलधाऱ्यांना जपणं आणि त्यांना कुलूपबंद करणं यातलं अंतर आपण पुष्कळदा विसरलो. ३० मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने चित्रीकरणाला परवानगी देताना अट घातली, की पासष्ट वर्षांवरच्या कुणालाही सेटवर येता येणार नाही. हेतू चांगलाच होता. पण त्या वयाच्या कलाकाराच्या घरीही चूल असते. सत्तर वर्षांचे एक कलाकार मुंबई उच्च न्यायालयात गेले. ७ ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. धडधाकट ज्येष्ठ माणसाला कमवायला बाहेरच पडू दिलं नाही तर त्याने सन्मानाने जगायचं कसं, हा त्या निकालातला प्रश्न होता. दुकानात जाणाऱ्या ज्येष्ठांना बंदी नव्हती, मग कलाकारांनाच का, हाही. मला तो निकाल योग्य वाटला आणि आजही वाटतो.

त्यानंतर दीड महिन्याने, २२ सप्टेंबरला, अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या. साताऱ्याजवळ एका मालिकेचं चित्रीकरण चालू असताना त्यांना आणि त्या संचातल्या अनेकांना लागण झाली. एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. शेवटपर्यंत काम करत होत्या. या दोन तारखा शेजारी ठेवून कुणी म्हणतं, पाहा, अट असायला हवी होती. मला तसं वाटत नाही. काम करायचा हक्क त्यांचा होता. तो त्यांना सुखरूप बजावता यावा हे बघणं इतरांचं काम होतं. वयाने मोठ्या माणसाला आपण बाहेर पडायचा हक्क परत देतो तेव्हा आपल्या वाट्याचा मास्क, आपल्या वाट्याची तपासणी, आपल्या वाट्याचं ‘मला आज कणकण आहे, मी येत नाही’ हे संपत नाही, तिथून ते सुरू होतं. त्यांना घरात कोंडलं की बाकीच्यांना मोकळं फिरता येतं. म्हणून तो उपाय सगळ्यांना इतका आवडला.

विलायतेत तर याच्याही पुढे गोष्ट गेली. मार्च २०२०मध्ये रुग्णालयांतल्या खाटा मोकळ्या करण्यासाठी हजारो वृद्धांना तपासणी न करता वृद्धनिवासांत पाठवलं गेलं. त्यांच्याबरोबर विषाणू गेला. एप्रिल २०२२मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. स्वीडनच्या राजांनी २०२०च्या डिसेंबरमध्ये, आपण यात अपयशी ठरलो, असं देशाला सांगितलं. तिथे गेलेल्यांत वृद्धनिवासातली माणसं फार होती. आपल्याकडे वृद्ध बहुतेक घरात असतात, म्हणून आपलं बरं, असं म्हणायला जीभ वळवळते. पण दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं असली की घरातलं असणंच जिवावर बेततं. धारावीत, परळच्या चाळीत, पिंपरीच्या वस्तीत म्हाताऱ्या माणसाला वेगळी खोली देणार कुठून? तिथे जबाबदारी एकट्या कुटुंबाच्या माथी मारणं अन्यायाचं होतं. ज्या महापालिकांनी शाळा आणि सभागृहं विलगीकरणासाठी उघडली, वेळेवर जेवण दिलं, त्यांनी त्या घरातल्या आजींना खोली दिली असंच मी मानते.

एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, नागपूरची एक गोष्ट देशभर फिरली. पंच्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ, माझं जगून झालंय, ही खाट त्या तरुणाला द्या, असं म्हणून रुग्णालयातून घरी गेले आणि काही दिवसांत वारले, अशी ती गोष्ट. तिच्या तपशिलांवरून पुढे वाद झाले. मला त्या वादात पडायचं नाही. त्या गृहस्थांनी जे काही केलं ते त्यांचं. आपल्याकडे याहून जुनं उदाहरण आहे: १८९७च्या प्लेगमध्ये सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत आणलं, त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. असा जीव ओवाळून टाकायचा अधिकार ज्याचा जीव त्याचाच. नागपूरच्या गोष्टीत मला खटकलं ते ती फिरवणाऱ्यांचं. कित्येकांनी ती आपापल्या घरातल्या गटावर टाकली, आणि त्या गटांत सत्तर-ऐंशीचे मामा, काका, आत्या होत्या. ते वाचून त्यांना काय वाटलं असेल? माझ्या एका मामांनी मला विचारलं, ‘काय गं, आम्ही पण असंच म्हणायला हवं का आता?’ मी त्यांना सांगितलं, मामा, तुम्हाला ऑक्सिजन लागला तर मी सगळ्या शहरात फोन फिरवीन, आणि तुम्ही तो घ्यायचा. खाटा कमी पडल्या हा त्यांचा गुन्हा नव्हता. खाटा नव्हत्या हे झाकण्यासाठी म्हाताऱ्यांचा मोठेपणा वापरला जाऊ नये.

लस आली तेव्हा १ मार्च २०२१पासून साठीवरच्यांना आधी, असं ठरलं. पुढे मे महिन्यात लशी कमी पडल्या, तेव्हा महाराष्ट्राने अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांचं लसीकरण थांबवून मात्रा पंचेचाळिशीवरच्यांकडे वळवल्या. ते मला या सगळ्या काळातलं एक शहाणपणाचं पाऊल वाटतं. तरुणांनी थांबायचं होतं आणि बहुतेक थांबले. आमच्या भागातल्या कॉलेजच्या मुलांनी कोविनवर वेळ मिळवून देण्यासाठी ज्येष्ठांचे ओटीपी घेत रात्री जागवल्या. पण जे केंद्रापर्यंत चालूच शकत नव्हते त्यांचं काय? दोन तरुण वकिलांनी घरोघरी लस मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. लस दिल्यावर देखरेख कशी ठेवणार, कुप्या वाया जातील, अशी केंद्राची अडचण होती. न्यायालयाने महिनोन्‌महिने पाठपुरावा केला आणि जुलैच्या अखेरीस मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यायला सुरुवात झाली. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. आणि सुरुवात करताना महापालिकेला लोकांना आवाहन करावं लागलं, की तुमच्या घरी असं कुणी असेल तर आम्हाला कळवा. एवढ्या मोठ्या शहरात खाटेवर पडून असलेली माणसं कोण आणि कुठे, याची यादी तयार नव्हती. कुठली इमारत मोडकळीला आली आहे याची यादी दर पावसाळ्यात निघते. ही निघत नव्हती.

आमच्या इमारतीने आता ती केली आहे. दर जूनमध्ये ती नव्याने लिहिली जाते. वय, औषधं, डॉक्टरांचा नंबर, जवळचं माणूस, जिना उतरता येतो की नाही, घराची दुसरी किल्ली कुणाकडे. पहिल्या वर्षी चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमन आपलं नाव द्यायला तयार नव्हते. मला म्हातारा ठरवू नका म्हणाले. मग त्यांनी यादी मागून घेतली, वाचली आणि सांभाळायचं काम स्वतःकडे घेतलं. मुसळधार पावसाच्या दिवशी किंवा कुठे तापाची साथ असली की ते एकेकाला फोन करतात. आधी विचारतात, घरात कुणाला सर्दी-खोकला आहे का. असेल तर आज वर येऊ नका, सामान दाराशी ठेवतो. गेल्या वर्षी त्यांनी यादीत स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवला. ‘काय झालं तर काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ लोक तिथे वेगवेगळं लिहितात. कुणी लिहितं, मुलाला आधी कळवा. कुणी लिहितं, मांजराला दूध घाला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी, त्या आता एकट्या असतात, लिहिलं आहे: मला हॉस्पिटलात न्या, सगळे उपचार करा, मला अजून जगायचं आहे.